तीन रविवार बाकावर राहिलेलं पुस्तक

प्रिय राहेलआत्या,

सलाम गं. उजवा पाय प्लास्टरमध्ये, त्याखाली दोन उशा, मांडीवर पाट आणि पाटावर हा कागद. ऑफिसच्या जिन्यावर घसरलो. फाइल वाचत उतरत होतो, हे तुला सांगायला नकोच. तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस आणि मग हळदीचा लेप उकळायला घेतला असतास.

तू प्रभूमध्ये निजलीस त्याला दहा महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, कारण लिहायला बसलो की ते तीन रविवार आडवे यायचे. आज दुपारी मात्र आमच्या मुलुंडच्या दाराची बेल वाजली, आणि जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पण आधी ते तीन रविवार. त्यांची माफी मी तुझ्याकडे कधी मागितलीच नाही. तू मागू दिली असतीस तर ना!

आपल्या घाटकोपरच्या देवळात प्रत्येकाचं बाक ठरलेलं. उपासना सुरू व्हायच्या आधी तू कपाटातून गीतांची पुस्तकं काढायचीस आणि जो आला नाही त्याच्या जागेवर एक ठेवायचीस. उपासना संपली की ते पुस्तक कपाटात परत जायचं नाही. ते त्या माणसाच्या घरी जायचं. भांडुपला, कुर्ल्याला, डोंगरावरच्या चाळीत, कुठेही. कुणीतरी न्यायचं, तिथं बसून त्यातलं एक गीत म्हणायचं, आणि पुढच्या रविवारी त्या माणसानं ते परत आणायचं. दारात "का आला नाहीत?" असं विचारायचं नाही, ही तुझी सक्त ताकीद. "काय शिजवलंय?" एवढंच विचारायचं.

मी एकदा म्हटलं होतं, "आत्या, हे काय विचारणं झालं? हावरटासारखं वाटतं."

"आरं पर्भ्या, का आला न्हाई म्हटलं की माणूस खोटं बोलतं. काय शिजवलं म्हटलं की चूल पेटली का न्हाई ते कळतं."

सगळा जन्म म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात आया म्हणून काढलास तू. कुणाचं काय दुखतंय ते तुला तोंडाकडे बघूनच कळायचं. आम्हाला नाही कळायचं, म्हणून तू आमच्या हातात पुस्तक दिलंस.

पवारमास्तरांना हे अजिबात पसंत नव्हतं. रिटायर्ड हेडमास्तर, पंचांमधले सगळ्यात ज्येष्ठ, धोतराची घडीसुद्धा फूटपट्टी लावून घातल्यासारखी. "राहेलबाई, ही ख्रिस्ताची मंडळी आहे की टपालखातं?" असं ते तुला सगळ्यांदेखत म्हणाले होते. तू काय उत्तर दिलंस आठवतं? "टपालवाला तरी रोज येतो, मास्तर!" बायकांच्या बाकांवर केवढी खसखस पिकली. मास्तर महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत.

मग ते वरून, मुख्य कचेरीतून, पत्र आलं. प्रत्येक मंडळीनं आपला उद्देश एका वाक्यात ठरवावा आणि देवळाच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घ्यावा. मी पंचकमिटीचा सेक्रेटरी, सरकारी ऑफिसात मसुदे लिहून केस पांढरे झालेला. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं! दर रविवारी उपासनेनंतर पाच जणांची बैठक बसायची. मास्तर म्हणायचे, आधी सुवार्ता, मग सेवा. पाळकसाहेब तरुण, ते म्हणायचे, आधी सेवा. एक अख्खी बैठक "घाटकोपर व परिसर" यावर गेली. परिसरात कुर्ला धरायचं की नाही? मुलुंड धरलं तर ठाणं का नको? मी सगळं टिपून घ्यायचो, सोमवारी ऑफिस सुटल्यावर टाइप करायचो आणि पुढच्या रविवारी सगळं खोडलं जायचं. झकास चाललं होतं.

तुलाही विचारलं होतं मी. तू तांदूळ निवडत बसली होतीस. "आत्या, मंडळी कशासाठी असते गं, एका वाक्यात सांग."

तू वर न बघता म्हणालीस, "आलेली माणसं देवाला दिसत्यातच की. न आलेली कोण बघनार?"

मला वाटलं, ठीक आहे, पण हे काही भिंतीवर लिहिण्यासारखं वाक्य नाही. मी ते टिपूनसुद्धा घेतलं नाही गं.

आणि मग एका रविवारी तूच आली नाहीस.

संडे स्कूलची रूथ. तीच, जिला तू हाताशी धरून सगळं शिकवलंस. तिनं तुझ्या जागेवर पुस्तक ठेवलं. तपकिरी कव्हरचं, कोपरा दुमडलेलं. मी ते पाहिलं. हो, पाहिलं! मनात म्हटलं, बैठक संपली की जाऊ, तुझं पंतनगर काय दहा मिनिटांवर. बैठक अडीचला संपली. भूक लागली होती, मुलुंडला घरी गेलो.

दुसऱ्या रविवारी पुस्तक पुन्हा तुझ्या बाकावर. आम्ही नेमके त्याच बाकाशी बैठकीला बसलो, कारण पंखा तिथं. वाऱ्यानं माझे मसुदे उडायला लागले. मी काय केलं असेल? तुझं पुस्तक उचललं आणि कागदांवर वजन म्हणून ठेवलं. त्याखाली कागद होते, त्यावर लिहिलं होतं "गरजवंतांपर्यंत पोचणे". आत्या, मी मूर्ख आहे, पण इतका असेन असं मलाही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारीही पंखा, कागद आणि पुस्तक. रूथ मुलांना दुसऱ्या बाजूला शिकवून आली, थांबली आणि म्हणाली, "काका, ते आत्याबाईंचं पुस्तक आहे. तीन रविवार झाले. मला तुम्ही म्हणालात, मी बघतो. बघितलंत का?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मी उठलो आणि पायताण अर्धवट अडकवून पळत सुटलो.

तुझ्या खोलीचं दार शेजारच्या सावंतवहिनींनी उघडलं. हातात पेजेची वाटी. मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "इलात? तुमचा देऊळ खंय होता तीन आयतवार?"

मी दाराशी पायताण काढून आत गेलो.

तू खाटेवर, न्यूमोनियानं पार चिपाड झालेली. डॉक्टर आणला तो वहिनींनी, औषधं त्यांनी, रात्री उशाशी बसल्या त्या. मला वाटलं तू तोंड फिरवशील. तर तू मिश्कील हसलीस आणि विचारलंस, "झालं का रं वाक्य?"

"नाही झालं."

"पुस्तक आनलंस?"

पुस्तक! ते मी तिथंच कागदांवर ठेवून आलो होतो. मी मान खाली घातली. आणि तू, अंगात ताप, धड बसता येत नाही, तरी मला हुकूम सोडलास, "मग जा, घिऊन ये. रिकाम्या हातानं यायची आपली रीत न्हाई." सावंतवहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी भर उन्हात परत देवळापर्यंत गेलो, पुस्तक घेतलं, परत आलो. दारात उभं राहून विचारलं, "काय शिजवलंय?" तेव्हा कुठे तू म्हणालीस, "ये आत."

पेज होती, भाजलेला सुका बांगडा होता, थोडा मलाही मिळाला. मग आपण गीत म्हटलं. तुझा आवाज निम्मा, माझा बेसूर, आणि सावंतवहिनी मांडीवर ठेका धरून. संपल्यावर त्या म्हणाल्या, "परत म्हणा बघू." आपण परत म्हटलं.

एक मात्र माझ्या मनात अजून आहे, आत्या. तू निरोप का नाही धाडलास गं? तोंड शिवलं होतं का? मी त्या दिवशीही हेच विचारलं होतं. तू म्हणालीस, "निरोप धाडल्यावर येतो त्याला पाव्हना म्हनत्यात." एवढा ताठा बरा नव्हे! तीन आठवड्यांत तुझं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? तुझं चुकलंच. माझं जास्त चुकलं, पण तुझंही थोडं चुकलं.

बरी झालीस, हे देवाचे उपकार. नाताळाला तुझ्या बाकावर बसून तू मास्तरांना करंज्या दिल्यास, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आणि नंतर उन्हाळ्यात एका पहाटे कुणाला त्रास न देता गेलीस. ते मला लागलं, पण सलत नाही. सलतात ते तीन रविवारच.

वाक्याचं काय झालं? झालं. मी सभेत तुझं वाक्य मांडून पाहिलं, न आलेल्यांना बघणारी मंडळी. मास्तर म्हणाले, "हे घरगुती बोलणं आहे, उद्देश नव्हे." शेवटी सुवार्ता, सेवा, परिसर सगळं घालून लांबलचक वाक्य झालं, आणि निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत भिंतीवर चढलं. मीही हात वर केला. मसुदा माझाच होता ना!

तू गेल्यावर मला एकच धास्ती, की पुस्तकं आता कपाटात जाऊन बसणार. मग मी माझ्या परीनं काम हाती घेतलं. म्हणजे काय, तक्ता केला. कुणी कुठल्या रविवारी कुणाकडे जायचं, पुढे सहीचा रकाना. दोन महिन्यांत वाट लागली! सह्या भरपूर, गेलं कुणीच नाही. रूथनं तक्ता भिंतीवरून काढला, त्याच्या मागच्या बाजूवर मुलांकडून नोहाचं तारू काढून घेतलं आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही फक्त एक पुस्तक उचला आणि चालायला लागा ना." तेवढंच करत होतो, आणि पाय मोडला.

गेल्या रविवारी मी पहिल्यांदाच गैरहजर. सकाळपासून जिन्यावरच्या पावलांकडे कान. दूधवाला, वरचे शहा, लाँड्रीवाला. दीड वाजला, तीन वाजले, कोणी नाही. कमलनं चहा आणून दिला तर मी तिच्यावरच खेकसलो, "संपलं सगळं. आत्याबरोबर गेलं." कमल म्हणाली, "तुम्ही तीन रविवार लावलेत. त्यांना एक तरी लावू द्या." तुझीच भाचेसून ती, गप्प कशी बसेल?

आज दीडला बेल वाजली. कमलनं दार उघडलं. दारात पवारमास्तर! धापा टाकत, कठडा धरून, घामानं सदरा भिजलेला. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि त्यांचे गुडघे तुला ठाऊक आहेतच. काखेत रुमालात गुंडाळलेलं पुस्तक. त्यांनी श्वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि गृहपाठ विचारावा तसं दरडावून विचारलं, "काय शिजवलंय?"

मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. कमलच म्हणाली, "वांग्याचं भरीत आणि भाकरी. बसा मास्तर."

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "गेल्या रविवारीच आलो होतो. तुमच्या सगळ्या बिल्डिंगी सारख्या. पलीकडच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर चढलो. तिथं एक गुजराती बाई निघाल्या. त्यांनाही विचारलं, काय शिजवलंय."

"मग?"

"मग काय! ढोकळा दिला. गीत म्हणायचं धाडस झालं नाही. पुस्तक आठवडाभर माझ्याकडेच राहिलं."

म्हणजे मी इथं पडल्या पडल्या सगळ्यांना शिव्या घालत होतो, तेव्हा हा सत्तरीचा माणूस शेजारच्या जिन्यावर होता! गुडघे धरून चढत होता!

रुमाल सोडला. तपकिरी कव्हर, दुमडलेला कोपरा. आत्या, तुझंच पुस्तक. मी विचारलं, "हेच कसं आणलंत?" मास्तर भाकरी मोडत म्हणाले, "त्या दिवशी त्या कागदांवर ते तुम्ही एकट्यानं ठेवलं नव्हतं, प्रभाकर. आम्ही पाचही जण बसलो होतो."

जेवल्यावर गीत म्हटलं. मास्तर माझ्याहून बेसूर आहेत, हे इतक्या वर्षांत आज कळलं. निघताना मी विचारलं, "मास्तर, भिंतीवरचं ते वाक्य पाठ आहे का हो?" त्यांनी सुरुवात केली, 'परिसर'पर्यंत आले आणि अडकले. मी पुढचं सांगायला गेलो, मलाही येईना. लिहिणारा मी, सुधारणारे ते! दोघं इतके हसलो की कमल आतून बघायला आली.

तेव्हा आत्या, आता सुखानं नीज. तुझं चालू आहे.

आणि एक वचन देतो. पुढच्या महिन्यात प्लास्टर निघालं की पहिलं पुस्तक मी पंतनगरला नेणार आहे. मंडळीतल्या कुणाकडे नव्हे, सावंतवहिनींकडे. तीन रविवार मंडळीचं काम त्या एकट्या करत होत्या, आणि तू गेल्यापासून मी त्यांच्या दारात एकदाही गेलेलो नाही. तुझं हेच पुस्तक नेईन. त्यांना ते गीत परत ऐकायचं होतं, ते म्हणेन. पण त्याआधी दारात उभा राहीन आणि काय शिजवलंय ते विचारीन.

तुझा,
पर्भ्या
(सेक्रेटरी म्हणून नव्हे)