दुपट्यावरचा फोटो

१९ नोव्हेंबर

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलून घेतला. थंडीने आईचे गुडघे कुरकुरताहेत आणि आई माझ्यावर.

दुपट्यांच्या दुकानाचं म्हणशील तर ऑनलाइन का होईना, चाललं होतं. तू लावून दिलेली शिस्त अजून पाळते. फोटो खिडकीशी काढायचा, उजेड बाजूने यायला हवा, मागे कसली लुडबुड नको. मध्ये एकदा आळस केला आणि बल्बखाली फोटो काढला, तर पांढरंशुभ्र दुपटं कावीळ झाल्यासारखं दिसलं. तू असतीस तर हसून हसून लोळली असतीस.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तू फोन उचलत नाहीस, आणि का उचलत नाहीस ते मला आता कळलंय.

दुकानाच्या पानावर सगळ्यात वर तुझ्या ढब्बूचा फोटो होता. निळ्या ठिगळांच्या दुपट्यावर, मूठ तोंडात कोंबलेला. त्या फोटोनेच दुकान उभं राहिलं, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. ढब्बू तापाने गेला तेव्हाच मी तो पानावरून काढून टाकायला हवा होता. कितीदा तरी काढायला बसले. 'नक्की काढायचा का?' असं पान विचारायचं आणि माझा हात मागे यायचा. ऑर्डरी थांबतील ही भीतीही त्यात होती. नुसत्या दुःखाने हात धजला नाही म्हणाले, तर तू मला ओळखतेस.

मग एका बाईंनी फोटोखाली विचारलं, 'किती गोड बाळ! आता केवढं झालंय?' उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं. मी लिहिलं, 'आता घरभर धावतो. हाताला लागत नाही.'

लिहिताना क्षणभर बरं वाटलं गं. नंतर इतकी लाज वाटली की जेवण गोड लागेना. शेवटी फोटो, ते उत्तर, सगळं पुसून टाकलं. वाटलं, निदान तुझ्या नजरेस पडायच्या आत आवरलं.

परवा तुझ्या नवऱ्याचा फोन आला. रागावले नव्हते, हळू बोलत होते. तू रोज सकाळी ते पान उघडून बसायचीस, हे त्यांच्याकडून कळलं. माझं उत्तरही तू वाचलंस. आता ही कोसळणार असं त्यांना वाटलं, तर तू म्हणालीस, "ताईकडे तरी तो धावतोय." आणि मग एके सकाळी पान उघडलंस, तर तिथे नुसतं दुपटं. तेव्हापासून तू कुणाशी बोललेली नाहीस.

मी आईला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, "काढून टाकताना विचारलंस तिला? आणि इतके दिवस ठेवलास, तेव्हा?"

नाही विचारलं. दोन्ही वेळा मीच ठरवलं, तुझ्या वतीने.

म्हणून आता विचारते. तो फोटो परत लावू का? माझ्या मनात नाही. अनोळखी माणसांनी त्याच्याकडे बघत दुपट्याचा रंग निवडावा, हे मला आता सोसायचं नाही. पण शब्द तुझा. तू सांगेपर्यंत दुकान बंद ठेवलंय.

तो फोटो घेतला त्या दिवशीचे सगळे फोटो छापून सोबत पाठवते आहे. जांभई देणारा, भोकाड पसरलेला, हललेले, अंधूक, दुकानात चालणार नाहीत म्हणून बाजूला टाकलेले. आणि तो एक, पूर्ण. दुकानासाठी मी त्याची कड कापली होती. त्या कडेला तुझा हात आहे. ढब्बू लाथा झाडत होता म्हणून तू त्याचं पाऊल धरून ठेवलं होतंस.

रविवारी मी येते. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, मी घाईत नाही.

ढब्बूची मावशी