चंद्राबाईनं वाचलेलं पहिलं कार्ड

मल्लेश्वरम, बंगळूर
८ ऑगस्ट १९५८

तीर्थरूप बाबांना हेमलताचा नमस्कार.

माझ्या वर्गातल्या चंद्राबाईची आई गेली हे खरंच. चंद्राबाईचे यजमान पिराजी सकाळी येऊन सांगून गेले.

मी मागं लिहिलं होतं ना, आमच्या बायकांच्या वर्गात पुस्तक नाही. घरून आलेली कार्डंच सगळ्यांसमोर वाचायची. जी अडेल तिला बाकीच्या सांगतात, मी नाही. काल चंद्राबाई पहिल्यांदाच वाचायला उभी राहिली. चिकोडीहून भावाचं कार्ड होतं. "आई शनिवारी वारली," तिनं वाचलं.

"चुकलीस गं! स्वल्प सावकाश वाच," बायका म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. मी तिला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं. तिनं बोट ठेवून वाचलं. एक अक्षर चुकलं नाही.

माझी काळजी करू नका, जेवते वेळेवर. तुमचा खोकला कसा आहे? खरं काय ते लिहा.

वर्ग चालूच आहे. मंगळवारी अंबूबाईची पाळी. तिनं तिचं कार्ड आजच आणून दिलं. "अक्का, आधी तुम्ही वाचा. बरं असलं तरच मला द्या." मंगळवारच्या आधी मला ते वाचावं लागेल.

तुमची,
हेमा