आंबोलीच्या अलीकडे

निपाणी, शुक्रवार

प्रिय श्रेयांस,

जय जिनेंद्र. तुला आणि ऋचाला आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच तुझं "हो आई, बरं आई" सुरू होतं, आणि मी पाठवलेले व्हॉइस मेसेज तू दुप्पट वेगानं ऐकतोस हे ऋचानंच मला हसत हसत सांगितलंय. आता माझं अक्षर पळवून दाखव. चिकोडीच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासण्यात माझा जन्म गेला, लिहायला बसले की मी लवकर उठत नाही हे तुला ठाऊक आहेच. तेव्हा पाणी पी, बस आणि वाच.

तर तुझं बेट बघून आलो. लग्न तिथंच करायचं हे तुम्ही दोघांनी ठरवलंत आणि "आई, एकदा बघून ये, प्रेमातच पडशील" म्हणून आम्हाला तुझ्या पैशानं तिकडं पाठवलंस. परतल्यावर कसं वाटलं विचारलंस, तेव्हा आप्पांनी "बरं हाय" म्हणून फोन माझ्या हातात कोंबला आणि मी म्हणाले, विमानाचा शीण उतरू दे, मग सांगते. आता सांगते. मला त्या बेटाची शिसारी आली. नाव लिहायलासुद्धा पेन धजत नाही, म्हणून नुसतं बेट म्हणते.

उतरल्या उतरल्या पहिली रांग पर्यटकांच्या कराची. तुमच्या त्या सौरवनं, लग्नाचा सगळा घाट घालून देणाऱ्या पुण्याच्या माणसानं, जो आकडा सांगितला होता तो खिडकीवर नव्हता. मधल्या मधे दर वाढला होता. करता काय, पोहत परत यायचं? भरला. पलीकडच्या धाकट्या बेटावर जायला होडी, तर अलीकडच्या धक्क्यावर चढायचे पैसे, पलीकडच्या धक्क्यावर उतरायचे पैसे आणि संध्याकाळी परत निघायचे पुन्हा पैसे. आप्पा त्या तिकिटवाल्याला आपल्याच भाषेत म्हणाले, "न्हाई दिलं तर ठिवून घेतोस व्हय रं आम्हास्नी? जेवाय घालाय लागंल, लेका!" तो हसला आणि पावती फाडली. देवळात गेलो. मी अंगभर साडी नेसलेली, पायाचा अंगठासुद्धा दिसेना, तरी कमरेला त्यांचं फडकं गुंडाळल्याशिवाय आत सोडेनात, आणि त्या फडक्याचं भाडं. एका झोपाळ्याजवळ मी नुसती उभी होते, तर झोपाळा माझ्या फोटोत आला म्हणून एकजण पैसे मागत गाडीपर्यंत मागं आला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. पण कळस म्हणजे पर्यावरणाची फी. खिडकीवर हिरव्या पानाचं सुरेख चित्र आणि खिडकीच्या मागं प्लास्टिकच्या बाटल्यांचा गुडघाभर ढीग, त्यावर माशा घोंगावताहेत. पैसे घेणाऱ्याच्या हातातही तसलीच बाटली होती.

हॉटेलात मी शेंगाचटणीची पुडी उघडली तर दारावरचा माणूस वास काढत आला. बाहेरचं खाणं आणलं तर वेगळा आकार पडतो म्हणे. चटणीला! आप्पांनी ती पुडी त्याच्या देखत तळहातावर रिकामी केली आणि भाकरीशिवाय, पाण्याशिवाय सगळी खाल्ली. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं, पण आकार दिला नाही. एवढ्या पाच दिवसांत मी मनापासून हसले ती तेवढीच.

तिथल्या माणसांना मी नावं ठेवत नाही हं. आमचा गाडीवाला मोठा गुणी माणूस होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानं सांगितलं, की ज्या किनाऱ्यावर तुझं लग्न व्हायचंय तिथं त्याची आई लहानपणी शिंपले वेचायची. आता तिथं हॉटेलनं साखळी लावलीय, आणि आत जायचं तर म्हातारीलाही पैसे पडतात. ती घराच्या पायरीवर बसून लाटांचा नुसता आवाज ऐकते म्हणे. दर वाढतात ते पाहुण्यांसाठी, पण तांदूळही त्याच दरानं महागतो आणि खोलीचं भाडंही. हे तो चिडून नव्हे, हवापाणी सांगावं तसं सांगत होता. मला मात्र त्या हॉटेलातलं खाणं नकोसं झालं.

आता लग्नाचं ऐक. सौरवनं आम्हाला किनाऱ्यावर उभं करून हातातल्या त्या काचेच्या पाटीवर सगळं दाखवलं. माणशी वाळूवर पाय ठेवायची फी. आपला उपाध्ये इथून नेला तर परवानगीची फी. सनई वाजवायची फी आणि ती वेळेत थांबली नाही तर दंड. जैन जेवणाचे जास्त पैसे. मी विचारलं, अरे, कांदा, लसूण, बटाटा सगळं काढूनच टाकायचं, मग स्वस्त नको व्हायला? तर म्हणतो, "काकू, काढण्यासाठीच वेगळा शेफ लागतो ना." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकलं होतं. इथं कोंबडी नाही, मसाला नाही, तरी बारा आणे.

आणि मग सूर्यास्त. सकाळचा मांडव स्वस्त, दुपारचा त्याहून स्वस्त, आणि सूर्य बुडतानाचा सगळ्यांत महाग. तो तुम्ही घेतलात. जेवणं त्यानंतर. मी सौरवला म्हटलं, आमच्यातली वडीलधारी माणसं सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालत नाहीत, त्यांचं काय? त्यानं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, त्याचं वेगळं पॅकेज करता येईल. खरं सांगू? सूर्यास्त सुंदर होता. एवढं केशरी पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. पण बघता बघता एकजण खुर्चीच्या भाड्याची चिठ्ठी घेऊन आडवा उभा राहिला, आणि मला आपल्या घरातली तीच वेळ आठवली. आत्या दारातून हाका मारत सुटते, "अरं जेवा रं, दिस गेला! जिनू, ताटावर बस!" साठीच्या भावाला, तुझ्या आप्पांना, ती अजून तशीच हाकलते. उन्हाचा शेवटचा पट्टा तुळईवर असतो, तोवर सगळ्यांची पानं उचललेली. तिथं तोच दिवस बुडताना बघायचे पैसे घेत होते, आणि माझ्या मुलानं ते आगाऊ भरले होते.

आपल्याकडं लग्नाचं आवतण कसं देतात हे तू विसरला असशील. चुलीसकट. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडं जेवायचं. समोरची नागुबाई अंथरुणाला खिळलेली होती, तरी तुझ्या ताईच्या लग्नात तिच्या उशाशी ताट गेलं होतं. आणि तिथं माणसं डोक्यावर मोजतात. परवा नागुबाई विचारत होती, श्रेयांसचं लगीन कंच्या हॉलात? मी म्हटलं, अजून ठरायचंय. खोटं बोलले.

घरची खबर म्हणशील तर आत्यानं चहा सोडलाय. तुला पटायचं नाही. दिवस उगवल्यावर पहिला कप, मग "जरा घोटभर" म्हणून दुसरा, असं करणारी बाई ती. महिना होत आला, घोट घेतलेला नाही. दूध बंद, साखर बंद. विचारलं तर म्हणते, "पित्त व्हतंय गं." पित्त तिला कधी झालं नाही, दुसऱ्यांचंच ती उतरवते.

तिला गाडी लागते असं आपण तुला जन्मभर सांगत आलो. तुला आठवतं का, तू चौथीत असताना आपण कोकणात निघालो होतो? आंबोलीपर्यंत ती मागच्या सीटवर तुझ्याशी भेंड्या खेळत होती. घाट उतरायच्या आधी म्हणाली, मला मळमळतंय, मी इथंच ओळखीच्यांकडं राहते, येताना घेऊन जा. दोन दिवसांनी परत आलो तर ही पायरीवर भाजलेलं कणीस खात बसलेली, ठणठणीत. तू तिला "आंबोलीची आजारी" म्हणून वर्षभर चिडवलंस. श्रवणबेळगोळला मात्र ती रात्रभर बसनं जाते, लिंबूसुद्धा बरोबर घेत नाही. तेव्हा आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात कसा प्रकाश पडला नाही, कोण जाणे.

आणि पुण्याचं. तुला डेंग्यू होऊन दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा आम्ही सगळे आलो आणि ती आली नाही. मी शाळेला जायची तेव्हा जिनं तुला मांडीवर वाढवलं, ती आली नाही. तू बोलला नाहीस, पण तुझ्या मनात ते राहिलंय. बरा होऊन घरी आलास तेव्हा तिच्या हातचं ताट तू बाजूला सारलं होतंस, मी बघितलं होतं. आम्ही दवाखान्यात होतो तितके दिवस ती इथं उपाशी होती, हे मला नागुबाईनं पुढं कधीतरी सांगितलं. त्यावर आत्या म्हणाली, भूकच नव्हती.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आम्ही परतलो त्या संध्याकाळी तुझा फोन आला. वाळूवरची माणशी फी नव्या वर्षापासून वाढणार, सौरवला आकडा लगेच हवा, म्हणून तू नावं मोजत होतास. हसत म्हणालास, "आत्याला धरू नको आई, तिला संकेश्वरपर्यंतसुद्धा गाडी लागते, ती विमानात काय बसणार? तेवढंच एक डोकं कमी." फोन स्पीकरवर होता. आत्या समोर बसून पावटा सोलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून आप्पांना म्हणाली, "जिनू, मला फोटूच्या दुकानात ने. पासपोर्टला लागतोय न्हवं?" तिथून ती स्तवनिधीला गेली, तिथं मुक्कामाला असलेल्या साध्वी माताजींना भेटायला. चहा त्या दिवसापासून सुटला. मग काल रात्री आप्पांनी मला सांगितलं, जे इतकी वर्षं फक्त बहीणभावाला ठाऊक होतं. नवरा गेला त्या वर्षी आत्यानं दिग्व्रत घेतलं. चारी दिशांना हद्द ठरवायची आणि मरेपर्यंत तिच्या पलीकडं पाऊल टाकायचं नाही. उत्तरेला कुंभोजचा बाहुबली डोंगर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पूर्वेला विजापूर, पश्चिमेला आंबोली. नियम सांगून मिरवायचा नसतो, म्हणून गाडी लागते. पुणे त्या हद्दीच्या पलीकडं आहे रे, श्रेयांस. आणि आता ती तुझ्या लग्नासाठी समुद्र ओलांडणार आहे. ती माताजींना विचारायला गेली होती, की नियम मोडला तर प्रायश्चित्त काय, आणि ते तिनं आधीच फेडायला घेतलंय. मी तिच्या पाया पडले, नको जाऊ म्हटलं. तर म्हणाली, "त्या येळंला गेलो न्हाई, ते अजून काळजात हाय. आता बी न्हाई गेलो तर पोरगं म्हणंल, आत्याला माझं काय बी न्हाई. पोराला कळू देऊ नगंस, त्याच्या आनंदात माती नगं." मी हो म्हणाले, आणि हे तुला लिहितेय. सोमवारी सकाळी आप्पा तिला बेळगावला पासपोर्टच्या ऑफिसात नेणार आहेत. त्याआधी फोन कर, मला नको, तिला कर. "तू येऊ नकोस" एवढं मात्र म्हणू नकोस, ते तिनं एकदा ऐकलंय. सौरव म्हणाला होता, रद्द करायचीही फी असते. आप्पा म्हणतात, त्या अख्ख्या बेटावरची ती एकच फी ते हसत भरतील. ऋचाला हे पत्र दाखव, ती शहाणी आहे. कुंभोज ते श्रवणबेळगोळ आणि विजापूर ते आंबोली, एवढ्या मुलखात लग्नाला जागा मिळत नाही असं मला सांगू नकोस. आणि जेवणं दिवस असताना होऊ देत.

तुझीच,
आई