बुडती माशी

प्रिय ईरम्मा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. सतरा वेळा लावला गं! तुला मराठी अक्षरं सावकाश लागतात हे ठाऊक आहे, म्हणून मोठं आणि सुटं सुटं लिहितेय. अडलं तर वहिनीकडून वाचून घे, पण फाडू नकोस. तुझ्या रागाची मला लई चांगली ओळख आहे.

आधी कारखान्यातलं सांगते. खिडकीजवळची तुझी जागा अजून रिकामी आहे. बजाबाईनं तिथं आपली डब्याची पिशवी ठेवायला सुरुवात केली होती, ती मी उचलून खाली ठेवली. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. मोहोळची एक नवीन पोरगी लागली आहे, रेश्मा. आपण गळाला पिसं नि लोकर बांधून माशी करतो आणि ती विलायतेतले लोक मासे धरायला नेतात, हे तिला खरंच वाटेना. मला विचारते, तिकडं गांडुळं मिळत नाहीत का? सगळ्या बायका हसल्या. मी पण हसले, आणि मग आठवलं. सात वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी मी तुला हेच विचारलं होतं की.

तेव्हा तू हसली नव्हतीस. व्हाइसच्या चिमट्यात गळ अडकवून तू मला नुसतं बघायला लावलंस. शेपटीला चार केस. अंगाला लोकर, ती पण दोऱ्याला धूर लागावा एवढीच. वर चंदेरी तारेचे पाच वेढे, मग कोंबडीच्या मानेचं मऊ पिस, आणि शेवटी बदकाच्या पंखाची दोन पाती, एक डाव्या पंखाची, एक उजव्या पंखाची, नमस्काराला हात जोडावेत तशी. माझी पहिली माशी म्हणजे खराट्याचा तुकडा होता. तू ब्लेडनं सगळं सोडवलंस आणि गळ परत माझ्या हातात दिलास. असं अकरा वेळा. मला रडू यायला लागलं तरी तुला दया आली नाही, बाई! बुडत्या माशीचा धर्म एकच, असं तू सांगायचीस. पाण्यात पडली की खाली गेली पाहिजे. वर तरंगली तर तो कचरा.

म्हणूनच तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दिवाळीनंतर गिऱ्हाइकानं सगळा माल परत धाडला. अनिलकुमार सरांनी आपल्यासमोर बादली ठेवली आणि मूठभर माश्या पाण्यात टाकल्या. एक बुडेल तर शपथ! सरांनी त्यातली एक चिमटीत धरून वास घेतला आणि म्हणाले, तेल आहे, करडईचं. तेवढं ऐकलं आणि सगळ्यांच्या माना तुझ्या वेणीकडं वळल्या. माहेरच्या घाण्याचं करडईचं तेल डोक्याला चोपडणारी कारखान्यात तू एकटीच. शिवाय पंख चढवायचं शेवटचं काम तुझं, म्हणजे प्रत्येक माशी तुझ्या हाताखालून गेलेली. बजाबाईनं तर बोलूनच दाखवलं. कामाला बसण्याआधी मी साबणानं हात धुते, एवढंच तू सांगितलंस. कुणी ऐकून घेतलं नाही. तू कात्री टेबलावर ठेवलीस, चप्पल घातलीस आणि अक्कलकोटची गाडी धरलीस. मी तुझ्या शेजारीच बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी डब्यांतला सगळा कच्चा माल, पिसं नि लोकर, धुवायला काढला. सर म्हणाले, फेकून दे, नवीन मागवू. मी ऐकलं नाही. लागलेलं तेल निघतं की नाही, बघतेच म्हटलं! तेवीस डबे होते. घरी नेऊन रिठे भिजत घातले, पिसं त्या पाण्यात हळूहळू खळबळली आणि मच्छरदाणी लावून तिच्यात सावलीला वाळवली. आमच्या ह्यांच्या वरणात एकदा बदकाचं पिस निघालं. काय काय बोलले ते लिहीत नाही. लोकर तर तीन पाण्यांनीही ऐकेना, चौथ्याला मऊ झाली. प्रत्येक डब्यातल्या मालाची एक माशी बांधायची, पाण्याच्या पेल्यात टाकायची, तरंगली की तो डबा परत रिठ्यात. पत्र्याचे डबे भंगारात दिले. आता पिसं काचेच्या बरण्यांत असतात, डावी वेगळी, उजवी वेगळी, आणि लोकर कापडी पिशव्यांत. काल तेविसाव्या डब्याची माशी सरळ तळाला गेली. सरांनी गिऱ्हाइकाला नवा नमुना धाडलाय.

एवढा आटापिटा हिनं का केला, असं तुझ्या मनात आलं असेल. आता सांगते. खंडेनवमीला आपण कात्र्या, व्हाइस पुसून पूजेला मांडले, आठवतं? मालाची किल्ली माझ्याकडं, डबे माझ्या ताब्यात. त्यांना आतून गंज धरला होता. पूजेला गंजके डबे कसे ठेवायचे, म्हणून मी घरनं तेल आणलं, बोळ्यानं आतबाहेर चोळलं आणि पिसं, लोकर परत भरून वर झेंडू वाहिला. तू आलीस आणि म्हणालीस, डबे लई छान दिसतात गं. ईरम्मा, ते तेल तुझ्याच घाण्याचं होतं. कडाकण्या तळायला तूच मला बाटली दिली होतीस. सरांनी वास घेतला त्या क्षणी मला कळलं, आणि किल्ली जाईल या भीतीनं मी तोंड उघडलं नाही. आज सकाळी सगळ्यांना थांबवून मी हे सांगितलं. सरांनी किल्ली काढून घेतली, ते बरोबरच केलं. पाकिटात एक माशी आहे, तांब्यात टाकून बघ. रविवारी पहिल्या एसटीनं मी येतेय. तू दार लावलंस तर ओसरीवर बसेन, पण तुझ्याशी बोलल्याशिवाय परत जाणार नाही. त्याआधी एक कर. हे पत्र वहिनीला ओसरीवर मोठ्यानं वाचायला सांग, शेजारपाजार ऐकू दे. तुझ्यावर आळ चारचौघांत आला होता.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
विजयमाला