केरबाच्या नावाचं काडतूस

॥ श्री ॥
मु. डाहुली, आंदर मावळ
ता. २ जुलै २०२४

चि. निवृत्ती भावजी यांस सरूवहिनीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र पावलं. पावलं म्हंजे मी कान्ह्याला बाजाराला गेलते, तितं मोबाईलला रेंज आली आन कागदाचा फोटो उतरला. तुमचं अक्षर अमेरिकेत जाऊन लयच बारीक झालंय. तितं कागद महाग हाय का?

अकरा वर्षांनी एल्क मारायचा परवाना सोडतीत लागला म्हणता, आन त्यासाठी नवी बंदूक बनवून घेताय. एल्क म्हंजे सांबराचा थोरला चुलता, इतकं समजलं. पण पुढं वाइल्डकॅट काडतूस म्हणून लिहिलंय, ते भिमाजी कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, वाइल्डकॅट म्हंजे रानमांजर. मग काय, मी दोन दिस गावात सांगत हिंडले, का आमचे धाकटे दीर सत्तावन्न वर्षांचे झाले, आता सांबर झेपत न्हाई म्हणून मांजर मारणार. झुंबरबाई तर हसून हसून ओट्यावरनं उठंना. आता खरं काय ते लवकर लिहा, न्हाईतर हेच खरं धरून चालतील लोक.

खाली तीन काडतुसं लिहून मला विचारलंय, कुठलं घेऊ. तीन स्थळं आल्यासारखी. पण मुलीचं गोत्रसुद्धा सांगितलं न्हाई, तर मी पसंती काय देऊ? आन माझी परवानगी पायजे म्हणालात ती कशाला, ते लिहायच्या आत तुमचं पान संपलं. दुसरं पान घ्यायचं.

हिकडं रोपं तरारलीत. म्हस आटली. मी बरी हाय.

जावेला नमस्कार. तुमचा लोभ हाय तेवढा पुरे, वाढवला तरी चालंल.
सरूबाई


ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो
ता. १४ जुलै २०२४

ती. वहिनींस निवृत्तीचा सा. न. वि. वि.

मांजराचं गावभर केलंत, आता मी गावात तोंड कसं दाखवू? ऐका. वाइल्डकॅट म्हणजे कुठलीच कंपनी बनवत नाही असं काडतूस. दुकानात मिळत नाही. दुसऱ्या काडतुसाची केस, म्हणजे दारू भरायची पितळी नळकांडी, घ्यायची, तिची मान आवळून बारीक करायची, खांदे रुंद करायचे, आणि दारू आपण हातानं मोजून भरायची.

तीन स्थळं अशी. पहिलं ३०-०६. शंभर वर्षांपेक्षा जुनं, इथल्या कुठल्याही दुकानात मिळतं, दारूचं माप पुस्तकात छापलेलं. दुसरं मॅग्नम. ताकद फार, पण खांद्याला असा दणका देतं की दुसरी गोळी झाडताना डोळे मिटतात. तिसरं हे वाइल्डकॅट. ३०-०६ चीच केस, पण गोळी बारीक. ती लांबवर सरळ जाते आणि दणकाही कमी. माझं मन तिसऱ्यावर आहे.

परवानगी अशासाठी की असं काडतूस जो बनवतो तोच त्याला नाव देतो, आणि ते नाव बंदुकीच्या नळीवर कोरतात. मला दादाचं नाव घालायचं आहे. नुसतं ‘केरबा’. तुम्ही हो म्हणालात तर. नळीत काडतुसाचं घर एकदा कोरलं की पुन्हा बुजवता येत नाही, म्हणून बंदूक करणाऱ्याला १५ ऑगस्टच्या आत सांगायचं आहे.

म्हशीची काळजी वाटते, तुमची नाही.
आशीर्वाद असू द्यावा.
आपला, निवृत्ती


॥ श्री ॥
डाहुली, ता. २३ जुलै २०२४

चि. भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मान आवळलेली, खांदे रुंद, आन दुकानात मिळत न्हाई. हे काडतूस हाय का नवरदेव?

नावाचं मला पटंना. जे नाव मी उखाण्याबिगर कधी तोंडावर आणलं न्हाई, ते तुमी लोखंडावर कोरणार? भांड्यावर घालतात तसं? बरं, ते राहू द्या. मला एकच सांगा. पहिल्याचं माप पुस्तकात हाय म्हणता. मग तिसऱ्याचं माप कुणी ठरवलंय? कुणीच न्हाई ना? म्हंजे ते तुमच्या अंगावर ठरणार.

माझी पसंती पहिलीला. जुनी हाय, माहितीतली हाय, गावोगाव तिचे पाव्हणे हायती. नातवंडं असलेल्या माणसानं आता नखरेल बाई आणू नये. लावणी चाललीय, कंबर मोडली, म्हणून थोडक्यात लिहिते.

पहिलीला व्हय म्हणा, मग लोभ दुप्पट करीन.
सरूबाई


ग्रँड जंक्शन
ता. ४ ऑगस्ट २०२४

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

चेष्टा पुरे, आता सरळ लिहितो. सहा वर्षांपूर्वी दादाच्या दहाव्याला नदीवर तुम्हाला सांगितलं होतं. एक्क्याऐंशी साली डुकरं हाकायला आपली ठासणीची बंदूक मीच भरली होती. सपाट मापानं दारू घालायची असं दादानं दहा वेळा शिकवलं होतं, आणि मी घाईत मापावर शीग ठेवली. नळी फुटली. दादाच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. दादानं सगळ्यांना सांगितलं, चूक त्याची स्वतःचीच. मी पंधरा वर्षांचा होतो, गप्प बसलो.

म्हणून मला दुसऱ्याचं छापील माप नको आहे. एकदा तरी माप मी ठरवीन, मी भरीन, आणि ते बरोबर येईल. त्यावर दादाचं नाव असेल. हे एवढंच माझं मागणं आहे.

परवा बंदूकवाल्याच्या रायफलीतून या काडतुसाच्या नऊ गोळ्या झाडून पाहिल्या. थोडी थोडी दारू वाढवत जायची असते. नवव्या गोळीला बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, अडकला, लाकडी हातोडीनं ठोकून उघडावा लागला. तो म्हणाला, दाब जास्त झाला. अर्धा ग्रेन, म्हणजे चिमटीहून कमी, दारू घटवून पुन्हा पाहणार आहे. काळजीचं कारण नाही.

तुमच्या होकाराची वाट पाहतो.
निवृत्ती


॥ श्री ॥
डाहुली, ता. ९ ऑगस्ट २०२४

चि. भावजी यांस आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र कान्ह्याच्या स्टेशनात बाकड्यावर वाचलं आन तितंच हे लिहिते, कारण घरी गेले तर लिहिणार न्हाई.

तुमी बंदूक भरून दाराआड ठेवली ते मला ठाऊक न्हवतं. लगीन होऊन पाच महिने झालते. हे जेवत होते, आन खाचरात डुकरं शिरली म्हणून कुणीतरी आरडत आलं. ह्यांचं तेवढं काम हलकं करावं म्हणून मी शहाणपणा केला. ह्यांचं बघून बघून आपल्याला समदं येतं असं वाटायचं मला. माप भरून दारू घातली, चिंधी ठासली, छर्रे घातले. आधी नळीत गज घालून भरलेली हाय का ते बघायचं असतं, ते काय मी कधी बघितलं न्हवतं. म्हंजे तुमचं एक माप, आन त्याच्यावर माझं दुसरं. तुमच्या शिगेनं काय नळी फुटत न्हाई, भावजी. ती माझ्या मापानं फुटली.

तळेगावच्या दवाखान्यात मी ह्यांना सांगितलं. हात बांधलेला असताना ह्यांनी मला दम भरला, का तोंड उघडायचं न्हाई. नव्या नवरीच्या हातनं झालं म्हणल्यावर सासूबाई माहेरी धाडतील, आन गाव पांढऱ्या पायाची म्हणंल. म्हणून चूक आपल्यावर घेतली. तुमी स्वतःला दोषी धरून बसलाय हे त्यांना मरेस्तवर कळलं न्हाई. मलाबी न्हाई.

दहाव्याला कळलं. तवा बोलायला पायजे होतं. तुमी पाण्यात उभे राहून रडत होता, आन माझ्या मनात आलं, माझ्या वाटचं कुणीतरी रडतंय, तर रडू दे. मग सहा वर्षं तसंच राहिलं. वाईट वाटलं का विचाराल, तर सणासुदीला वाटायचं. एरवी कामं असतात.

बोल्ट अडकला म्हणून लिहिलं नसतं तर आतासुद्धा सांगितलं नसतं. तुमच्या मापानं नळी फुटलीच न्हाई, मग सुधारायचं काय? छापलेलं माप घ्या. हात जाग्यावर ठेवा.

राग येईल तो येऊ द्या.
सरूबाई


ग्रँड जंक्शन
ता. २९ ऑक्टोबर २०२४

वहिनींस,

३०-०६ सांगितली. नळीवर फक्त तेवढंच आहे. चौथ्या दिवशी एल्क मिळाला, एकाच गोळीत. मांस खाली आणायला दोन दिवस लागले.

तुमच्या पत्राला अडीच महिने उत्तर लिहिलं नाही. दादा तीन बोटं नसलेल्या हातानं ताट धरायचा ते मला बघवायचं नाही, म्हणून मी आधी आयटीआयला पुण्याला गेलो, मग इकडे. गाव सोडायचं दुसरं काही कारण नव्हतं. दादा आजारी होता तेव्हासुद्धा त्याच लाजेनं दोनदा तिकीट रद्द केलं. ते दोन उन्हाळे मला कोण देणार?

१० जानेवारीला येतो आहे. पंधरा दिवस लोणावळ्यात बाजारपेठेतल्या लॉजवर राहीन. डाहुलीला येईन की नाही, ते आत्ता सांगता येत नाही.

निवृत्ती


॥ श्री ॥
डाहुली, ता. ५ नोव्हेंबर २०२४

चि. निवृत्ती भावजींस आशीर्वाद, तुमाला नको असला तरी. वि. वि.

हात शाबूत हाय हे कळलं. उन्हाळे माझ्यापाशी न्हाईत. असते तर दिले असते.

लॉजवर राहा. गरम पाणी हाय का ते आधी विचारून घ्या, फसवतात. मला तर सकाळी एसटीनं कान्हे, आन कान्ह्यावरनं लोकलनं लोणावळा. दहा वाजेपर्यंत पोचते. लॉजच्या खालच्या पायरीवर बसीन. मॅनेजरनं हटकलं तर त्याला सांगीन, का वरच्या पाव्हण्याचं मी लय वाईट केलंय, आन मला बसायला माझी जागा हाय.

तुमी वरनं खिडकीतनं बघा. खाली उतरलात तर चहा पिऊ. न्हाई उतरलात तर मी साडेचारच्या गाडीनं माघारी जाईन आन दुसऱ्या दिवशी परत येईन. पंधरा दिस हायत म्हणता. म्हस इकली, मला आता घाई कशाची न्हाई.

लोभ असू द्या असं लिहायला मला तोंड न्हाई, म्हणून ते कागदावर लिहीत न्हाई. येऊन बसते.
तुमची वहिनी
सरूबाई