तांड्यामागचा डोंगर

६ जानेवारी २०२५, सोमवार

दुपारी खदानीत सुरुंग उडाला तेव्हा लेकरांच्या पुढ्यात खिचडी होती. छताची माती ताटांत पडली. माझ्या अंगणवाडीत एकवीस लेकरं — एकही रडलं नाही. सवय झाली! मीच बाहेर जाऊन रडले. मग परत खिचडी टाकली.

९ जानेवारी

सासऱ्यांनी सगळा तांडा बोलावला. खदानवाल्याला आता आपली जागाही पाहिजे. घरांखाली चांगला काळा दगड आहे म्हणे. बदल्यात सेनगावला प्लॉट.

"आपल्या डोंगराची खडी हायवेवर गेली. आन आपला रस्ता? चिखल!" सासरे ओरडले.

शेजारची मिराबाई सासऱ्यांना म्हणाली, "भावसिंगभाऊ, आता भांडायला दम न्हाई राहिला."

मग मीच उठले. सही कुणी करायची नाही, म्हणाले. बाया माझं ऐकतात.

१० जानेवारी

नवरा त्याच खदानीवर टिपर चालवतो. आज जेवताना — "मालक म्हणला, तुही बायको काहून भडकवून राहिली लोकायला?"

"मग तुमी काय म्हणले?"

"काय म्हणू? खाली पाहिलं."

१५ जानेवारी

धूळ. तुरीवर, कपड्यांवर, हंड्यात. पुसायचा कंटाळा आला.

१९ जानेवारी

माझ्या लेकीला, प्रतिक्षाला, सकाळी श्वासच घेता येईना. जीपनं हिंगोलीला नेलं. तोंडानं ओढायचा दम्याचा पंप दिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषध देते. पण पोरीला त्या धुळीतून काढा." कुठं काढू?

येताना पोरगी बाहेर बघत होती. "याडी, हितली झाडं एवढी हिरवी काहून हायेत?"

मी तिच्या केसांतली धूळ झटकली.

२६ जानेवारी, रविवार

ग्रामसभा झाली. जागा द्यायची नाही — सगळ्यांनी हात वर केले! मीही केला. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "संगिता, तुझ्यामुळं झालं." बाया गळ्यात पडल्या. मला मात्र नुसतं झोपावंसं वाटलं.

मागून खदानीचा मुनीम हळूच म्हणाला, "सभेचं सभेत. आमी घरोघर संमती घेऊ."

२९ जानेवारी

मुनीम संमतीचा कागद घेऊन आला. सासरे शेतात, नवरा टिपरवर. घरकुल माझ्या नावावर आहे. आत प्रतिक्षा खोकत होती.

सही केली. तांड्यातली पहिली.