जुनं पान द्या, नवं पान न्या

वाशीम,
ता. ११ मार्च १९७४

गं. भा. सीता हिला उत्तमदादाचे आशीर्वाद.

मागच्या पत्रापर्यंत 'सौ.' लिहीत होतो. आता हे लिहावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. इकडे सर्व ठीक. वांगी बरी निघाली, पण भाव पडला. तुझ्या वहिनीने आपल्या जीपवरच्या जगदेवबरोबर पापड धाडले आहेत, ते पोरींना तळून घाल.

तुझं पत्र पोचलं. चार ओळी, आणि त्यात एकच प्रश्न : देवमनला नवं पान का दिलं नाही? नवऱ्याच्या तेराव्याला आठ दिवस झाले नाहीत आणि तू भावाला जाब विचारतेस. हे तुझं डोकं नव्हे. तो पुस्तक घेऊन तुझ्या ओसरीवर येऊन बसला असणार.

तर ऐक. विहिरीवरच्या इंजिनात काही बदल झाला की कंपनी मला दुरुस्तीच्या पुस्तकाची बदललेली पानं धाडते. बाजाराच्या दिवशी मी गावोगावच्या मिस्त्र्यांना दुकानात बोलावतो. जुनं पान फाडून जमा करायचं, सही करायची, नवं न्यायचं. नियम कंपनीचा आहे, माझा नाही.

जानेवारीत सगळे आले. देवमनही आला. नऊ वर्षं माझ्याकडे काम शिकून दसऱ्याला शेलूबाजारात स्वतःचं दुकान टाकणारा, माझी गिऱ्हाइकं नेणारा देवमन. पान काही फाडेना. म्हणे, "दादा, आमच्या घरात आलेलं हे पयलं पुस्तक हाय. मी पान नाई फाडत. जुन्यावर काट मारतो, नवं मले द्या."

मी म्हणालो, "मंग राहू दे तुयं पुस्तक साबूत." सगळे मिस्त्री हसले. मीही हसलो.

केनवडच्या धरमसिंगने तर पुस्तकच हरवलं होतं. त्याला मी नवंकोरं दिलं. हे तुला कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो.

जाताना देवमनने विचारलं, "बदललं काय, तेवढं तोंडानं तरी सांगा." मी सांगितलं, "काई नाई. छपाईची चूक होती."

नव्या इंजिनाला डिझेल पंपाखाली एक नव्हे, तीन पातळ पत्र्या घालायच्या, एवढंच त्या पानावर होतं. एकच घातली तर चालू करताना इंजिन उलटा झटका देतं. चंपतराव दाजींच्या कानशिलात हँडल बसलं ते त्यामुळे.

आणि तुमचं नवं इंजिन खोलून जोडायला देवमनकडे टाकलंय हे तूच मला बाजारात सांगितलं होतंस. तेव्हा बोललो असतो तर दाजी आज असते. मी गप्प बसलो. वाटलं, इंजिन चार दिवस चालणार नाही, मग गुमान माझ्या पायरीवर येतील. सख्ख्या मेहुण्याचं दुकान सोडून ते त्याच्याकडे गेलेच कशाला? एवढं होईल असं वाटलं नव्हतं. माझाही जीव तुटतो, सीते.

तुझ्याशी खोटं बोललो नाही, कारण खरं कळून तू काही करू शकत नाहीस.

जगदेवकडे एक कागद दिला आहे. देवमनने दारू पिऊन इंजिन जोडलं, अशी तुझ्या नावाने तक्रार आहे. तो पीत नाही, मला ठाऊक आहे. तू सही कर. रविवारी कंपनीचे साहेब येतात. कोणाचा तरी दोष दाखवला नाही तर माझी एजन्सी जाते.

करायची नसेल तर तुझी मर्जी. दिराने तुझी चूल वेगळी काढली असं कानावर आलं. दोन पोरी घेऊन आता कोणाच्या दारी यायचं, ते आधी ठरव.

हे पत्र वाचून कागदासोबतच जगदेवकडे परत दे. तो दाराशी जीप चालू ठेवून थांबला आहे. त्याला फार वेळ थांबवू नकोस, डिझेल माझं जळतं.

तुला आता एकच उरलेला पाठीराखा,
उत्तमदादा